पावसाळ्यात दाराशी भरलेली बॅग ठेवायची का? नाशिकच्या गंगेकाठच्यांनो (म्हणजे गोदाकाठच्यांनो) बोला

गंगाकाठची सून: जूनपासून आमच्या दारामागच्या खुंटीला एक सॅक भरून टांगलेली असते आणि दरवर्षी त्यावरून घरात वाद होतो, नवरा म्हणतो अपशकुन कशाला. पण ४ ऑगस्ट २०१९ ला ज्यावरून नाशिककर पुराची पातळी ओळखतात तो नदीपात्रातला दुतोंड्या मारुती पूर्ण बुडाला त्या दिवशी आम्ही गुडघाभर पाण्यातून निघालो आणि खरेदीखत कपाटाच्या खालच्या कप्प्यात राहिलं. नंतर एकेक पान सोडवून पंख्याखाली वाळवत बसले, शाई पसरून सर्व्हे नंबरच वाचता येईना. आता सॅकमध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली कागदपत्रं, सासूबाईंच्या बीपीच्या आठ दिवसांच्या गोळ्या नि डॉक्टरची चिठ्ठी, बॅटरी, चार्जर, थोडे रोख पैसे. नदीजवळच्या प्रत्येक घरात हे पाहिजेच.

सराफबाजारवाला: नाही पटलं ताई. आमचं पोट दुकानात आहे, ते काय बॅगेत भरू? २००८ च्या सप्टेंबरात नि २०१६ च्या ऑगस्टात माल माळ्यावर चढवला म्हणून वाचलो. मारुतीच्या छातीला पाणी लागलं की आम्हाला कुणी सांगायला लागत नाही, शिवाय गंगापूर धरणातून किती सोडलं ते मोबाईलवर येतंच. टांगलेली बॅग बघून पोरं नुसती घाबरतात, त्यांना सामान वर चढवायला शिकवा.

नासर्डीकाठ: दादा, तुमचं सगळं गणित धरणावर. आमच्याकडे ते पाणी येतच नाही, वरच्या अंगाला पाऊस कोसळला की आमची छोटी नासर्डी नदी बघता बघता फुगते, मारुती बघायला जाणार कोण? आणि मोबाईलवर नुसता आकडा वाचून काय कळतं, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर, १० हजार सोडलं की सेकंदाला २ लाख ८० हजार लिटरच्या वर पाणी येतंय, अशा वेळी माळा चढत बसायचं का.

पंचवटीतला भाडेकरू: कागदपत्रं डिजिलॉकरवर टाका की, बॅग कशाला.

गंगाकाठची सून: टाकलीत, पण त्या दिवशी लाइट गेली, मोबाईल बंद पडला. आणि मूळ खरेदीखत कुठे असतं त्यात?

सराफबाजारवाला: नासर्डीचं मान्य, तिथे आधी निघायलाच हवं. पण बॅग उचलणं सोपं आहे हो, माझी आई ८१ वर्षांची, ती उंबरा सोडत नाही. गेल्या वेळी दोघांनी खुर्चीवर बसवून पाण्यातून नेली, सारखी म्हणत होती मला इथंच राहू द्या. त्याचं काय करू सांगा.

गंगाकाठची सून: दादा, त्यासाठीच तर आम्ही आधी ठरवून ठेवलंय. मारुतीच्या कमरेला पाणी आलं की सासूबाई नणंदेकडे इंदिरानगरला, रस्ते कोरडे असतानाच, रिक्षाने. त्यांना पाण्यातून न्यायची वेळच येऊ द्यायची नाही. मागाहून निघताना नवरा सिलेंडरचा रेग्युलेटर काढतो, मेन स्विच पाडतो, मुलगा शेजारच्या काकूंना हाक मारतो. माल चढवा की, पण आईंना पाठवल्यावर. आणि त्यांना आत्ताच विचारा, पूर आल्यावर नका विचारू.

नासर्डीकाठ: हे बरोबर. आमच्या गल्लीत तर रात्री कोण कोणाला उठवणार तेही ठरलंय.

सराफबाजारवाला: आत्ताच विचारलं आईला. म्हणते, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण बरोबर घेणार असाल तर कमरेच्या पाण्याला निघते. एक पिशवी काढली, तिच्या गोळ्या आणि चष्मा भरतोय, वर देवाला जागा ठेवलीय. पोरांसमोर बॅग टांगायची नाही, हे माझं म्हणणं मात्र तेच आहे, कपाटात ठेवणार.