एकोणतीस हजारांचं ‘फ्रँकेन्स्टाइन’: नाद म्हणायचा की थाट?

पेठकर (धागाकर्ता)

गेल्या रविवारी चुलतभाऊ घरी आला होता. कपाटातलं एक पुस्तक त्यानं पेटीतनं सरकवून बाहेर काढलं, चाळलं आणि किंमत विचारली. खोटं बोलायला पाहिजे होतं, ऐन वेळेला सुचलं नाही. एकोणतीस हजार म्हटल्यावर त्यानं ते अलगद खाली ठेवलं आणि आत हाक मारली, "काकी, ह्याला एकदा डॉक्टरला दाखवून आणूया."

पुस्तक म्हणजे मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’. परदेशातल्या एका छोट्या छापखान्यानं काढलेली मर्यादित आवृत्ती. एकूण ३५० प्रती, माझी २१२ नंबरची. शेवटच्या पानावर तो आकडा हातानं लिहिलाय आणि खाली चित्रकाराची सही. किमतीत टपालखर्च आणि कस्टम धरलंय. दोन वर्षं दिवाळीचा बोनस बाजूला ठेवून घेतलं, कुणापुढं हात पसरला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आता त्यात एवढं काय आहे? खिळ्यांची, शिशाच्या सुट्या अक्षरांची छपाई आहे. म्हणजे अक्षर कागदावर नुसतं उमटलेलं नाही, कागदात रुतलंय. दिव्याखाली पान तिरकं धरलं की प्रत्येक अक्षराच्या कडेला केसाएवढी सावली पडते. पानामागनं बोट फिरवलं की ओळी हाताला लागतात. फर्मे (घडी घातलेल्या पानांचे जुडगे) दोऱ्यानं शिवलेत, त्यामुळं कुठंही उघडा, पुस्तक टेबलावर सपाट पडून राहतं. आपल्याकडची नवी जाडजूड कादंबरी घ्या, दोन्ही हातांनी फाकवून धरल्याशिवाय ओळीचं शेवटचं अक्षर दिसत नाही, आणि जरा जोर लावला की कण्यातनं कडकन आवाज येऊन पानं हातात!

माझं म्हणणं एवढंच, की पुस्तक ही वस्तूसुद्धा असते. आपल्या कोल्हापूरच्या गुजरीत सराफाकडं साज घ्यायला गेलो की पानड्या मोजतो, वजन करून घेतो, घडणावळीवर अर्धा तास घासाघीस करतो. घडणावळ द्यायची असते हे तिथं कुणाला शिकवावं लागत नाही. पुस्तकाची घडणावळ मात्र शून्य धरायची. कादंबरी दोनशे वर्षं टिकली असेल तर तिला बरा कागद आणि पक्की शिवण मिळावी असं वाटणारा माणूस वेडा कसा?

मतं मांडा. शिव्या घातल्या तरी चालतील, घरी सवय झालीय.

कसर

साज अंगावर घालतात. तुमचं पुस्तक पेटीत आहे. म्हणून पहिला प्रश्न, ते वाचलंत का?

दुसरं, ह्या ‘मर्यादित’ शब्दाचं मला हसू येतं. १८१८ साली ‘फ्रँकेन्स्टाइन’ पहिल्यांदा निघालं तेव्हा त्याच्या ५०० प्रतीच छापल्या होत्या, वर लेखिकेचं नावसुद्धा नव्हतं. नव्या, निनावी लेखकाच्या जास्त प्रती छापून ठेवायला कोण धजणार? तुमच्या ३५० मात्र मुद्दाम कमी ठेवल्यात, कारण कमी आहेत म्हणूनच एकोणतीस हजाराला जातात. टंचाई आणि साठेबाजी ह्यातला फरक आपल्याकडं रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या कुठल्याही आजीला कळतो.

आणि ह्या हौसेत कादंबरी कुठल्या कुठं राहते बघा. न्यूयॉर्कच्या लिमिटेड एडिशन्स क्लबनं १९३५ मध्ये जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ कादंबरी काढली. १५०० प्रती, चित्रं फ्रेंच चित्रकार मातीसची, प्रत्येक प्रतीवर मातीसची सही आणि त्यातल्या २५० वर जॉइसचीही. मातीसनं चित्रं काढली ती होमरच्या ‘ओडिसी’तल्या प्रसंगांची! कादंबरी डब्लिनच्या रस्त्यांवर घडते, चित्रं ग्रीक पुराणातली. पण सही आहे म्हटल्यावर कोण विचारतोय?

तुमच्याच पुस्तकात व्हिक्टर देखणे देखणे अवयव निवडून एक देह जोडतो. दात मोत्यासारखे, केस काळेभोर. आणि तो डोळे उघडतो तेव्हा हाच पळून जातो. पाचव्या प्रकरणात आहे, सवडीनं बघा.

पेठकर

माझ्या प्रतीत १८१८ ची संहिता आहे. त्यात ते पहिल्या खंडाचं चौथं प्रकरण येतं. पाचवं प्रकरण १८३१ च्या आवृत्तीत.

कसर

वा. म्हणजे चौथ्यापर्यंत वाचलंय तर.

पेठकर

...चौथ्यापर्यंतच. पण थांबा. अख्खी कादंबरी मी दोनदा वाचलीय, कॉलेजात असताना फुटपाथवर पन्नास रुपयांना घेतलेल्या प्रतीतनं. ती अजून आहे. पानं सुटलीत, रबर लावून ठेवलीय.

रांगडा गडी

एकोणतीस हजारात बारकं रेडकू आलं असतं. तीन-चार वर्सांत दूध चालू. हे पुस्तक काय देतंय? बाकी धागा नाद खुळा, चालू द्या.

वाचनमंदिरी

पेठकर, तुम्ही शेवटी जे कबूल केलंत तेच मला म्हणायचं होतं.

करवीर नगर वाचन मंदिराची मी पन्नास वर्षांची सभासद. १८५० पासूनची संस्था आहे, त्यामुळं माझी पन्नास वर्षं तिथं फार धरत नाहीत. ‘ययाति’ मी वाचली ती वाचनालयाच्या प्रतीतनं. हिरवट कापडी पाठ, कोपरे झिजून पुठ्ठा बाहेर आलेला. मागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के दाटीवाटीनं, जागा संपली म्हणून दुसरी चिठ्ठी वर चिकटवलेली. एका पानाच्या समासात कुणीतरी पेन्सिलनं लिहिलं होतं, "देवयानीचं काय चुकलं?" त्याच्या खाली वेगळ्या, तिरप्या अक्षरात, "सगळंच." आणि त्याखाली तिसऱ्या कुणीतरी शाईच्या पेनानं, "लग्न झालंय का तुमचं?"

वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये हे मलाही कळतं. तरी ते पान मी आल्यागेल्याला दाखवलंय. तुमच्या २१२ नंबरच्या प्रतीत असं कोण लिहिणार? तुम्ही स्वतः तरी पेन्सिल टेकवाल का? एवढं सोवळं पाळायचं म्हटल्यावर पुस्तकाशी बोलणंच खुंटतं, मग त्याला शिवण कितीही पक्की असो.

तेजीमंदी

सगळे भावनेत वाहताय. क्रमांकित प्रती संपल्या की बाजारात भाव चढतो. नियम एकच: पेटी उघडायची नाही, वरचं प्लास्टिकसुद्धा काढायचं नाही. पेठकरांनी बोट फिरवून नुकसान करून घेतलंय.

पेठकर

असले समर्थक नकोत. कसरसाहेबांची बाजू परवडली.

शाहूपुरी तळमजला

शिवण, कागद वगैरे चाललंय म्हणून लिहितो. मी ह्या परीक्षेला बसून आलोय.

पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. आम्ही माणसं आणि गॅस सिलिंडर वर नेले. पुस्तकांची कपाटं राहिली. आठवड्यानं दार उघडलं तेव्हा पुस्तकं फुगून कपाटात अशी घट्ट बसली होती की पहिलं काढायला पहार लागली.

माझ्याकडं तीन देखण्या आवृत्त्या होत्या. गुळगुळीत आर्ट पेपर, रंगीत चित्रं, एकाला चामड्याची पाठ. आर्ट पेपरवर जो चकचकीत लेप असतो तो भिजला की चिकट होतो आणि वाळताना पानाला पान धरतो. तिन्हीच्या विटा झाल्या. अजून एक वीट ठेवलीय, दाराला लावायला. चामड्यावर हिरवी लव आली ती वेगळीच.

वाचली काय, तर वडिलांनी साठच्या दशकात घेतलेली ‘स्वामी’. साधा कागद, पुठ्ठा, दोऱ्याची शिवण. पुठ्ठा गळून पडला, पण फर्मे एकमेकांना सोडून गेले नाहीत. बायकोनं पानापानात ‘पुढारी’चे तुकडे घातले, दर दोन तासांनी बदलले, पंखा लावला. अकरा दिवसांनी पुस्तक वाचण्याजोगं झालं. दुप्पट जाड झालंय आणि प्रत्येक पानावर पिवळी पूररेषा आहे.

तेव्हा पेठकरांचं शिवणीबद्दलचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य. फक्त त्याला सोनेरी कडा आणि नंबर कशाला लागतो ते सांगा. आणि तुमचं कपाट कितव्या मजल्यावर आहे?

पेठकर

दुसऱ्या. आणि मंगळवार पेठेत आहे, चढावर.

तुमचा प्रश्न बरोबर आहे. नंबर लागत नाही. पण आज तसली शिवण मला नंबराबरच विकत मिळते, सुटी मिळत नाही. ही माझी खरी अडचण आहे.

टाका

सुटी मिळत नाही? पेठकर, तुम्ही मंगळवार पेठेत राहता म्हणता आणि तिथनं चालत दहा मिनिटांवर मी बसतो. दुकानाचं नाव सांगत नाही, नाहीतर जाहिरात म्हणाल.

आमच्या वडिलांचं सगळं पोट वह्यांवर होतं. सराफांच्या, अडत्यांच्या लाल कापडी कीर्दी-खतावण्या. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत रात्री दुकान बंद होत नव्हतं. प्रत्येक वही जुजबंदी, म्हणजे फर्म्याच्या मधल्या घडीतनं सुई घालून शिवलेली. पुस्तीन, म्हणजे पुठ्ठ्याला आतनं चिकटवायचा कागद, जाड. खळ घरी शिजवायची आणि त्यात मोरचूद टाकायचा, म्हणजे कसर लागत नाही. (कसरसाहेब, तुम्हाला उद्देशून नाही.) वर्षभर रोज उघडायची वही, सपाट पडलीच पाहिजे, नाहीतर मुनीम अंगावर फेकायचा. मग कॉम्प्युटर आला. आता मी लग्नाचे अल्बम आणि पीएचडीचे प्रबंध बांधतो. प्रबंधाला सोनेरी अक्षरं पाहिजेत, शिवण नको. लवकर पाहिजे असतं.

तुम्ही एकोणतीस हजार दिलेत त्याचं मला वाईट वाटत नाही, काम तेवढं असतं. शिवायला दिवस जातो. पण ज्या गोष्टीसाठी तुम्ही समुद्रापार पैसे धाडले ती तुमच्या बोळाच्या तोंडाशी होती आणि तुम्ही कधी विचारलं नाही. चामडंसुद्धा इथलं. चपलेच्या वेणीला बकऱ्याचं कमावलेलं कातडं वापरतात, ते कडेनं तासून पातळ केलं की पाठीला सुरेख बसतं.

एक मात्र गेलं, खिळे. शेजारच्या छापखान्याचे खिळे माझ्या डोळ्यांदेखत किलोवर गेले. शिसं म्हणून. खिळे ठेवायच्या खणांतले कप्पे उपसून पोत्यात भरताना ‘ळ’ आणि ‘ज्ञ’ रस्त्यावर सांडले होते.

पेठकर

हे वाचून गप्प बसलो होतो थोडा वेळ. लंडनच्या डव्हज प्रेसच्या मालकानं, कॉब्डन-सँडरसननं, भागीदाराच्या हाती पडू नयेत म्हणून आपले सगळे खिळे रात्री-अपरात्री थेम्स नदीत नेऊन फेकले होते. १९१६-१७ ची गोष्ट. जवळपास शंभर वर्षांनी पाणबुड्यांनी त्यातले दीडशेएक बाहेर काढले.

टाका

नदीत तरी सापडतात. भंगारवाल्याच्या भट्टीतनं कोण काढणार?

रंगपेटी

मग एवढं सगळं इथं असताना मराठी कादंबरीची अशी आवृत्ती आपणच का काढू नये? हे कलापूर आहे, चित्रकार तर गल्लोगल्ली. हरी नारायण आपटे १९१९ साली गेले, त्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’वर आता कुणाचा हक्क नाही. खांडेकर मात्र २०३६ च्या अखेरपर्यंत थांबावं लागेल, किंवा परवानगी काढावी लागेल. शंभर प्रती काढू. टाकाभाऊ बांधतील.

कसर

आणि घेणार कोण? बुलेटच्या सायलेन्सरला वीस हजार घालणारं गाव आहे हे. पुस्तकाला तीनशे म्हटलं की "कमी करा की" सुरू होतं. आणि समजा शंभर खपल्या, तर त्या शंभर पेट्या होतील. आपट्यांची नायिका यमू एका पेटीतनं सुटून दुसऱ्या पेटीत. त्यापेक्षा पाचशे रुपयांत शिवलेली, नंबर नसलेली आवृत्ती काढा, पहिली प्रत मी घेतो. पैसे आगाऊ देतो.

टाका

पाचशेत शिवण बसत नाही साहेब. हातानं तर नाहीच. हजार-बाराशेत साधी कापडी बसवून बघता येईल, कागद तुमचा.

कसर

बाराशे. बरं. विचार करतो. (हे मी लिहिलंय हे पेठकरांच्या चुलतभावाला सांगू नका.)

वाचनमंदिरी

एक प्रत वाचनालयालाही द्या. समास मोठे ठेवा.

पेठकर

टाकाभाऊ, ती पन्नास रुपयांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ आणली तर शिवून मिळेल का? सगळी पानं सुटी झालीत.

टाका

ती गोंदानं चिकटवलेली असणार, म्हणजे घडीच नाही, फर्मा नाही. जुजबंदी होणार नाही. बाजूनं टोचून शिवावी लागेल, मग ती सपाट पडत नाही आणि आतला समास खाते. तेवढं चालत असेल तर घेऊन या. पानं नंबरानं लावून आणा, मागच्या वेळी एकानं उलटी आणली होती.

कसर

आणि तोवर वाचायला काय, तर २१२ नंबर. पेटीतनं काढावंच लागणार आता.

पेठकर

किती दिवस लागतील?

टाका

पावसाचे दिवस आहेत, खळ वाळत नाही. पंधरा दिवस धरा.