अनुभव धागा : बातम्या, रियाज आणि आपले कान

परवा बातम्यांत हवाई हल्ल्याचा भोंगा ऐकला आणि थेट १९९१ आठवलं, आखाती युद्ध. बाबा रेडिओ लावायचे, शेजारच्या खोलीत मी तानपुरा जुळवत असायचे आणि पंचम (प) काही केल्या लागायचा नाही. आजही आधी बातम्या कानावर पडल्या की षड्ज (सा) स्थिर व्हायला वेळ लागतो. म्हणून सकाळी फक्त तानपुरा, फोन बाहेर. पण मग वाटतं, तिकडे माणसं मरताहेत आणि मी दार लावून बसलेय. तुम्ही गाणारे-वाजवणारे दिवसभर काय ऐकता? लिहा.

–
भोंग्याबद्दल अगदी अगदी! नुसती वर-खाली मींड, म्हणजे स्वरांवरून घसरत जाणं, कुठल्याच स्वरावर न्यास (विसावा) नाही. म्हणूनच धस्स होतं. मी बातम्या वाचते, ऐकत नाही. बाळ उठलं, उरलेलं नंतर.

–
सरोद वाजवतो. रबाब हे अफगाण तंतुवाद्य म्हणजे आमच्या वाद्याचा पूर्वज, त्यामुळे रात्री झोपताना अफगाण वादन ऐकतोच. २०२१ मध्ये तालिबान आल्यावर काबूलची संगीतशाळा बंद पडली, विद्यार्थी पोर्तुगालला गेले. ज्यांना जाता आलं नाही त्यांनी आपली वाद्यं कुठे लपवली असतील, हा विचार डोक्यातून जात नाही.

–
ताई, याला दार लावून बसणं नका म्हणू. रशियात लेनिनग्राडला जर्मन फौजेचा वेढा असताना ९ ऑगस्ट १९४२ ला तिथे रशियन संगीतकार शोस्ताकोविचची सातवी सिंफनी वाजवली होती. उपासमारीने वादक फार थोडे उरले होते, बाकीचे फौजेतून आणले. लाउडस्पीकरवरून पार जर्मन खंदकांपर्यंत ऐकवली. मी चेलो शिकतेय. ही सिंफनी कामं करता करता ऐकवत नाही, बसूनच ऐकते.

–
मी तबल्यावाला. मला त्रास होतो तो निवेदकांच्या लयीचा. सगळंच अतिद्रुत, सम (तालाची पहिली मात्रा) कुठे कळत नाही. रेडिओच्या बातम्या त्यातल्या त्यात बऱ्या.

–
भाऊ मालवाहू जहाजावर आहे, तांबड्या समुद्रातून जातो. बातम्या बंद ठेवणं मला परवडत नाही. ऐकून झालं की खरज (खालचा सा) लावते, श्वास जागेवर येईपर्यंत.

–
अगं, काळजी घे. पोचला की इथे कळव हं.

–
धागाकर्त्या ताई, तानपुरा खरा की ॲपवरचा?

–
खराच. पण जोडीच्या तारेची जवारी (गुंजणारा नाद) गेलीय, झणझणतेय नुसती.

–
तारेखालचा दोरा जरा सरकवून बघा आधी. नाहीच जमलं तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, जवारी काढणारे एक काका माहितीत आहेत.