विषय: नाशिकमध्ये दारूमुक्तीचा मदतगट, आणि दुसरी पाळी

प्रेषक: सिडकोची माहेरवाशीण

नमस्कार मंडळी,
नाव न घालता लिहीत आहे. ज्यांना ओळख पटेल त्यांनी ती कृपया मनातच ठेवावी. माझा धाकटा भाऊ पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातले उपचार पूर्ण करून गेल्या आठवड्यात नाशिकला घरी आला. मदतगट सोडायचा नाही, असे त्याला तिथून निघताना बजावून सांगितले आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मदतगटाच्या ज्या सभेचा पत्ता मिळाला ती संध्याकाळी साडेसातला असते, आणि याची सातपूरला एक आठवड्याआड दुसरी पाळी, म्हणजे दुपारी तीन ते रात्री अकरा. शिवाय ती खोली चर्चच्या आवारात असल्यामुळे आई बिथरली आहे. सकाळची सभा कुणाला ठाऊक आहे का? पहिल्या दिवशी त्याच्यासोबत जाईल आणि तो नियमित जातो की नाही हे मला अधूनमधून कळवील, असे कुणी आहे का?

प्रेषक: माजी सचिव

ताई, अशा विनंत्या आधी आपल्या मंडळाच्या आरोग्य समितीकडे पाठवाव्यात, हे रक्तदात्यांच्या यादीच्या वेळी ठरले होते. तूर्त केंद्र सरकारची 14446 ही निःशुल्क व्यसनमुक्ती हेल्पलाइन टिपून ठेवावी. माझी सूचना अशी की, आपल्यात नाशिककर इतके आहेत, तर मंडळानेच तिथे सकाळच्या गटासाठी एक खोली भाड्याने घेऊन द्यावी; मंडळाच्या नावाचा छोटासा फलक तेवढा दाराशी असावा.

प्रेषक: नाशिक रोडचे काका

माजी सचिवांचा हेतू चांगला आहे, पण त्यांची खोली कुणी घेणार नाही. हे गट बाहेरच्या कुणाकडूनही देणगी घेत नाहीत. सभेत पेटी फिरते, ज्याला जमेल तो दहावीस रुपये टाकतो आणि त्यातून भाडे व चहा भागतो. 1935 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरले, तेव्हापासून ही चळवळ चालत आली आहे, आणि पैशाच्या उपकाराखाली गट दबू नये म्हणून हा नियम जाणीवपूर्वक केलेला आहे. दारू सोडण्याची इच्छा, एवढीच सभासद होण्याची अट. मी स्वतः या सभांना जातो, त्यामुळे ऐकीव लिहीत नाही.

पाळीचे म्हणाल, तर एकाच गटाला बांधून घेण्याचे कारण नाही. पहिली पाळी असेल त्या आठवड्यात संध्याकाळची सभा, दुसरी असेल तेव्हा रविवारची, आणि मधल्या दिवसांत सकाळी फोनवरून ऑनलाइन, असे कितीतरी कामगार निभावतात. मात्र सुरुवातीचे काही महिने तरी माणसांत जाऊन बसावे, असे माझे ठाम मत आहे. फोनवर चेहरा लपवता येतो. समोर बसल्यावर तोंडाचा वाससुद्धा लपत नाही.

मी मार्चपर्यंत नाशिकलाच आहे, रविवारी त्याला घेऊन जाईन. पण तो येतो की नाही हे तुम्हाला कळवणार नाही. तिथे हजेरी नसते, आणि कोण आले होते ते दाराबाहेर सांगायचे नसते.

प्रेषक: माजी सचिव

निदान चहाचा खर्च तरी?

प्रेषक: नाशिक रोडचे काका

चहाचासुद्धा नाही.

प्रेषक: गंगापूर रोडची वहिनी

फक्त आईंविषयी लिहिते. आमच्या घरीही हाच घोळ झाला होता. सासूबाईंना वाटले, मुलाला बाटवायला नेत आहेत. शेवटी ज्या सभेला कुणालाही बसता येते अशा खुल्या सभेला त्यांनाच घेऊन गेले. शाळेची खोली, बाके लहान मुलांची, त्यांवर गुडघे दुमडून बसलेले पन्नाशीचे पुरुष. प्रार्थना झाली, पण त्यात ईश्वर ज्याला जसा समजला तसा, एवढेच होते. परतताना सासूबाई रिक्षात म्हणाल्या, ‘‘आपल्या गल्लीतलेच दोघे होते गं.’’ मी म्हटले, आता हे विसरायचे.

आणि ताई, राग मानू नका, पण अधूनमधून कळवा म्हणण्यात माझीच जुनी सवय दिसली. मी ह्यांचे खिसे, डबा, गाडीची डिकी रोज तपासत असे. घरच्यांसाठी अल्-अनॉन नावाचे वेगळे गट 1951 पासून आहेत आणि तुम्ही राहता तिथेही ते सापडतील. तुमची सभा ती.

प्रेषक: डॉक्टरताई

एकच भर घालते. सभा म्हणजे औषधोपचार नव्हेत. तो पुन्हा रोज पिऊ लागला, तर लाज वाटून घरातच एकदम बंद करायला लावू नका. दारू तोडल्यावर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन ते जिवावरही बेतू शकते. थरथर, घाम, भलतेच दिसणे सुरू झाले, तर थेट रुग्णालय गाठावे.

प्रेषक: सिडकोची माहेरवाशीण

सर्वांचे आभार. वहिनी, राग दोन दिवस होता, आता नाही. आईला खुल्या सभेचे सांगितले, तिने अजून हो म्हटलेले नाही. काका, त्याला तुमचा निरोप दिला. रविवारी कुठे उभे राहायचे, द्वारका चौकात की सीबीएस बसस्थानकावर, असे तो विचारतो आहे. त्यालाच फोन करून सांगा, मला नको.