गोव्यात गरम-थंड एसी घ्यावा का?

एका ताईंनी विचारलंय, कळंगुटच्या नव्या घरासाठी ‘हॉट अँड कोल्ड’ स्प्लिट एसी घ्यावा का. माझं स्पष्ट मत, नको. असा गरम-थंड एसी म्हणजे हीट पंप, म्हणजे तोच एसी, फक्त गॅसचा प्रवाह उलटा फिरवून बाहेरची उष्णता आत आणणारा. हीटरपेक्षा वीज बरीच कमी खातो, थंड प्रदेशात सोनंच! पण आपल्याकडे जानेवारीतली रात्रसुद्धा १९-२० अंशांच्या आसपास. ते जादा पैसे चांगल्या कॉइलवर, म्हणजे बाहेरच्या युनिटमधल्या उष्णता सोडणाऱ्या नळ्या-पात्यांच्या जाळीवर घाला.

कारण इथला खरा शत्रू खारा वारा. आमचं घर किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. तिसऱ्या पावसाळ्यानंतर बाहेरच्या युनिटच्या कॉइलवरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पात्या बोट लावताच पांढऱ्या भुकटीसारख्या झडायला लागल्या. म्हणून गंजरोधक लेप असलेलं कॉइल मागा, युनिट समुद्राच्या बाजूला लावू नका आणि मेकॅनिककडून ते अधूनमधून गोड्या पाण्याने धुऊन घ्या.

एसीच्या टनाला वजन समजू नका हं. १ टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक), साधारण ३.५ किलोवॉट उष्णता बाहेर टाकण्याची ताकद. जरुरीपेक्षा मोठा घेतलात तर खोली झटकन गार होते, पण दमटपणा तसाच राहतो. जुलैत तर मी ड्राय मोडच, म्हणजे मुख्यतः हवेतला दमटपणा काढणारा मोड लावते, कपाटातल्या साड्यांना बुरशी धरत नाही.