मदत हवी आहे: सी-आर्मचा (ऑपरेशनमधल्या एक्स-रे यंत्राचा) वेळ कमी कसा करू? उद्या सकाळीच केस आहे

पंचवटीचा_रेसिडेंट: सर करतात तेव्हा दोन मिनिटं, माझ्या हातात आलं की सात-आठ. पाच मिनिटांचा अलार्म वाजला की सर सुई काढून घेतात आणि टेक्निशियन मुद्दाम मोठ्यांदा आकडा वाचतो. काय चुकतंय? पटकन सांगा.

सिन्नरफाटा: कसली केस? मूत्रमार्गातून दुर्बीण घालून खडा काढायची, यूआरएस, आरआयआरएस?

पंचवटीचा_रेसिडेंट: पीसीएनएल हो, पाठीतून किडनीत सुई घालून खडा काढायचा, सुई म्हटलं ना! माझी अकरावी केस.

बोअरवाले_काका: माझा ९ मिमीचा खडा पानफुटीनं पडला. सिडकोतलं बोअरचं पाणी आधी बंद करा.

सिन्नरफाटा: काका, विचारणारे पेशंट नाहीत, डॉक्टर आहेत.

निवृत्त_एक्सरेवाला: किरण सोडायचं पॅडल कोणाच्या पायाखाली? पल्स्ड (तुटक) लावता की कंटिन्युअस (सलग)?

पंचवटीचा_रेसिडेंट: माझ्याच. पल्सचं बटण कुठं असतं?

निवृत्त_एक्सरेवाला: घ्या! अहो, मिनिटं म्हणजे डोस नव्हे. पल्स कमी ठेवा, कोलिमेटर आवळून किरणांचा झोत लहान करा, किरण सोडणारी ट्यूब टेबलाखाली आणि चित्र घेणारा इंटेन्सिफायर पेशंटच्या अगदी जवळ. सुई कुठं वळवायची याचा विचार चालू असताना पाय वर; शेवटचं चित्र पडद्यावर असतंच. तुमचं अंतर दुप्पट केलं की किरणांचा मारा चौथाई.

सोनोप्रेमी: एवढं कशाला? पंक्चर सोनोवर करा, मीही तसंच शिकलो.

सिन्नरफाटा: किडनी फुगलेली नसेल तर नवख्याला कॅलिक्स (किडनीतला कप्पा) दिसतो का सोनोवर? आणि सुईची वाट रुंद करताना, डायलेटेशनला?

सोनोप्रेमी: दिसतो. हात बसायला हवा.

सिन्नरफाटा: तेच म्हणतोय, उद्या सकाळी बसणारे का?

निवृत्त_एक्सरेवाला: तुमचं नंतर चालू द्या. डॉक्टर, किरणांचा डोस मोजणारा टीएलडी बॅज लावता ना?

पंचवटीचा_रेसिडेंट: ड्रॉवरमध्ये आहे. रीडिंग जास्त आलं तर खुलासा कोण देणार? गळा झाकणारी थायरॉइड कॉलर एकच, ती सर घालतात.

निवृत्त_एक्सरेवाला: ड्रॉवरचा डोस मोजून काय करणार? शिशाच्या एप्रनच्या आत, छातीवर लावा. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणांच्या डोसचं माप), कुठल्याही एका वर्षात ३०. पुढं काही झालं तर दाखवायला तेवढाच कागद असतो. कॉलर लेखी मागा.

बोअरवाले_काका: पानं उपाशीपोटी घ्यायची, ते राहिलं सांगायचं.

पंचवटीचा_रेसिडेंट: झाली केस. पल्सच्या बटणावर कुठल्याशा औषधाचं स्टिकर चिकटवलेलं होतं, नखानं खरवडून काढलं. मिनिटं सातच, पण डोसचा आकडा मागच्यापेक्षा खूप खाली. टेक्निशियननं तो वाचला नाही. बॅज लावला. कॉलरचं सरांना अजून विचारलेलं नाही.