जुनी सफरचंदाची बाग काढून सघन लागवड करायची आहे, आधी पैसा कशात घालावा? मदत हवी आहे

डोंगरउतार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमची सफरचंदाची बाग बियांच्या खुंटावरची (खुंट म्हणजे कलमाचा खालचा, मुळांचा भाग) आहे. झाडं जुनी, उंच, सहा-सहा मीटरवर. शिडीशिवाय फळ हाती लागत नाही, फवारा शेंड्यापर्यंत पोचत नाही, आणि एका वर्षी फांद्या मोडतील इतका माल, तर पुढच्या वर्षी नुसती पानं. यातली निम्मी बाग काढून तिथेच सघन लागवड, म्हणजे बुटकी झाडं जवळजवळ, करायचं घरात ठरलं आहे.

वाचन चालू आहे, रोपवाटिकावाल्यांशी बोलणंही झालं, पण जितकं ऐकतो तितका गोंधळ वाढतो. एकजण म्हणतो एम ९ या बुटक्या खुंटाशिवाय दुसरा लावूच नका. दुसरा जिनिव्हा मालिकेचं, म्हणजे जी ४१, जी ९३५ वगैरेंचं गुणगान करतो. तिसऱ्याला खुंटाशी काही देणंघेणंच नाही. त्याला ओलावा मोजणारे सेन्सर, ड्रोन आणि फळं मोजणारा कॅमेरा विकायचा आहे. पैसा मर्यादित आहे, सगळं एकदम होणार नाही.

जमीन मध्यम भारी. खालच्या अंगाला पाणी साचून राहतं. ठिबकापुरतं पाणी आहे, पण फळ फुगायच्या दिवसांत ओढ बसते. अशा ठिकाणी खुंट कोणता? जुनी झाडं काढली त्याच जागी नवी लावली तर ती खुरटतात असं ऐकलं, ते कितपत खरं? आणि झाडाला वळण टॉल स्पिंडलचं, म्हणजे एका उंच खोडाचं, द्यावं की दोन खोडांचं?

माझं मत विचाराल तर खुंट, अंतर आणि तारांचा सांगाडा एकदा चुकला की बागेचं आयुष्य संपेपर्यंत भोगायचं. सेन्सर काय, पुढच्या वर्षीही मिळतील. पण विकणारे नेमके उलट्या क्रमाने बोलतात, म्हणून इथे विचारतोय.

खुंटकलम

तुमचा क्रम बरोबर आहे, तो सोडू नका.

एम ९ इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंगचा. झाड बियांच्या खुंटावरच्या झाडाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढं राहतं, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळावर येतं, फळाचा आकार चांगला मिळतो. जगभरच्या सघन बागा त्याच्यावर उभ्या राहिल्या ते उगाच नाही. पण मुळं उथळ आणि ठिसूळ, आधाराशिवाय झाड उभं राहत नाही. फायर ब्लाइट (झाड करपवणारा जिवाणूंचा रोग) आणि लोकरी मावा (रस शोषणारी कीड) दोन्हींना तो बळी पडतो. पाण्याची ओढ त्याला अजिबात सोसत नाही.

जी मालिका अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या जिनिव्हा केंद्रातली. जी ४१ आकाराने एम ९ च्याच जवळपास, पण फायर ब्लाइट आणि लोकरी मावा या दोन्हींना प्रतिकारक, आणि जुन्या बागेच्या जागेवर एम ९ पेक्षा चांगला तग धरतो. उणीव अशी की काही जातींशी त्याचा कलमाचा जोड लहानपणी कच्चा राहतो, वाऱ्यात मोडतो. त्यामुळे सांगाडा आधी उभा करायचा आणि रोप लावलं त्याच दिवशी तारेला बांधायचं. जी ९३५ घेणार असाल तर वरच्या जातीचे डोळे (कलमासाठीच्या कळ्या) विषाणू-तपासणी झालेल्या मातृवृक्षाचेच हवेत. एरवी लपून राहणारे विषाणू या खुंटावर झाड मारू शकतात. आपल्याच जुन्या झाडांचे डोळे काढून त्यावर भरू नका.

खुरटण्याची गोष्ट खरी आहे. त्यामागे फायटोफ्थोरा, पिथियम, रायझोक्टोनिया अशा मुळांवरच्या रोगकारकांची आणि सूत्रकृमींची युती असते. खत वाढवून ते सुटत नाही. जुनी मुळं जमतील तितकी उपटून काढा, मध्ये हंगामभर दुसरं पीक घ्या, आणि नव्या ओळी जुन्या ओळींवर न आखता त्यांच्या मधल्या गवताच्या पट्ट्यात आखा. हे शेवटचं फुकट आहे, आणि तेच बहुतेक जण विसरतात.

रानवारा

मी थोडा विरोधात बोलतो. ऐन फळ फुगताना पाणी कमी पडतं असं तुम्हीच लिहिलंय. मग हेक्टरी तीन हजार बुटकी झाडं तहानलेली ठेवण्यात काय शहाणपण? एमएम १११ हा खुंट बघा. बियांच्या झाडाच्या पाऊण आकाराचा, पाण्याचा ताण बऱ्यापैकी सोसतो, लोकरी माव्याला दाद देत नाही, मोठं झाल्यावर तारांची गरज नाही. ५ बाय ३ मीटरवर हेक्टरी साडेसहाशेच्या वर झाडं बसतात. फळ उशिरा येईल, पण कर्जही कमी काढावं लागेल.

एमएम १०६ मात्र तुमच्या खालच्या तुकड्यात नकोच. निचरा नसला की बुंधा कुजतो.

खुंटकलम

@रानवारा, तुमचं गणित पाण्याच्या बाजूने पटतं. उत्पन्नाच्या बाजूने नाही. एमएम १११ उशिरा फळावर येतो, आणि सघन बागेचा सगळा खेळ लवकर पैसे परत येण्याचा. झाड मोठं झालं की आतल्या सावलीतली फळं रंग धरत नाहीत आणि शिडी पुन्हा आलीच. मधला रस्ता हवा तर जी ८९० आहे: निम-बुटका, जुन्या जागेवर चालणारा. त्याला अंतर जास्त द्यावं लागेल.

खालच्या अंगाचा निचरा आधी सुधारा. चर खणा, गादीवाफ्यावर ओळी घ्या. साचलेल्या पाण्यात कुठलाच खुंट नीट चालत नाही.

डोंगरउतार

दोघांचेही आभार. वरच्या तुकड्यात जी ४१, खालचा तुकडा निचऱ्याचं काम होईपर्यंत थांबवायचा, असं मनात येतंय. पाण्यासाठी छोटी साठवण करता येईल. वळणाचं कोणी सांगेल का? आणि एक वर्षाआड फळ येण्याचा रोग नव्या पद्धतीत आपोआप जातो का?

पानगळ

आपोआप काहीच जात नाही.

आधी वळण. टॉल स्पिंडलला ओळींत ३.३ मीटर आणि झाडांत ०.९ मीटर धरलं तर हेक्टरी सुमारे ३,३६० रोपं लागतात. रोप उपफांद्या असलेलं घ्या, नुसती काठी नको. लावताना शेंडा मारायचा नाही. बाजूच्या फांद्या आडव्याच्या थोड्या खाली वाकवून बांधायच्या, म्हणजे त्या लाकूड वाढवण्याऐवजी फळाचे डोळे धरतात. पुढे दरवर्षी सगळ्यात जाड एक-दोन फांद्या खोडापासून तिरका काप देऊन काढायच्या, खुंटीतून नवी फुटते. छाटणी एवढीच. जुन्या झाडावर हात बसलेला माणूस इथे हमखास जास्त कापतो आणि झाड नुसत्या फांद्या फेकत सुटतं, तेव्हा कात्री कोणाच्या हाती देताय ते बघा.

दोन खोडांच्या पद्धतीत जोर दोघांत वाटला जातो, फळांची भिंत पातळ राहते, उजेड आरपार जातो. खोडं ६० सेंटिमीटरवर धरली तर झाडं १.२ मीटरवर, म्हणजे हेक्टरी अडीच हजार. पुढे यंत्राने तोडणी किंवा प्लॅटफॉर्मवरून काम करायचं तर ही भिंत सोयीची. पण रोपवाटिकेतच दोन सारखी खोडं तयार केलेलं रोप मिळायला हवं. शेतात बसून ते घडवायचं तर पहिलं वर्ष जातं.

कलमाचा जोड जमिनीच्या वर १० ते १५ सेंटिमीटर राहू द्या. माती बसल्यावर मोजा. जोड गाडला गेला तर वरच्या जातीला मुळं फुटतात आणि बुटकेपणा संपला.

आता आड वर्ष. कोवळ्या फळांतल्या बियांमधून जिबरेलिन नावाची संप्रेरकं बाहेर पडतात आणि ती पुढच्या वर्षीच्या फुलकळ्या होऊ देत नाहीत. त्या कळ्यांचा निर्णय फुलोऱ्यानंतरच्या काही आठवड्यांतच होतो. म्हणून फळं लिंबाएवढी झाल्यावर विरळणी केली तर उरलेलं फळ थोडं मोठं होईल, पण पुढच्या वर्षीचा बहर गेलेलाच असतो. रासायनिक विरळणी फळ ८ ते १२ मिलिमीटरचं असताना करतात. त्या दिवसांत ढगाळ हवा आणि उबदार रात्री असतील तर झाडात साखर कमी पडते, औषध जास्त लागू पडतं, आणि फळं गरजेपेक्षा जास्त गळतात. कार्बोहायड्रेट मॉडेल हाच हिशेब हवामानावरून मांडतं.

किती फळं ठेवायची? खोडाच्या छेदाच्या दर चौरस सेंटिमीटरला साधारण ४ ते ६, जातीप्रमाणे कमी-जास्त. खोड ४ सेंटिमीटर जाड असेल तर छेद साडेबारा, म्हणजे ५ च्या हिशेबाने साठ-बासष्ट फळं. हे कॅलिपर (जाडी मोजायचं साधन) आणि वहीवर होतं. कॅमेरा पुढे कधीतरी घ्या.

रानवारा

पानगळ, हे झकास लिहिलंत. कॅलिपर माझ्या यादीत आला.

धुकट

सेन्सरांची एवढी टर उडवू नका हो. एकच घ्यायचा तर पान किती वेळ ओलं राहतं ते नोंदवणारं छोटं हवामान केंद्र घ्या. स्कॅबच्या (पाना-फळांवर खपल्यांसारखे डाग पाडणाऱ्या रोगाच्या) बुरशीला १८ ते २४ अंशांत ६ तास ओलावा पुरतो, १० अंशांना ११ तास लागतात. हे कळलं की दर पावसाला आंधळी फवारणी करावी लागत नाही. जमिनीतला ओलावा सेन्सर बुटक्या खुंटावर कामाचा आहे, मुळं उथळ असतात म्हणून. ड्रोनला मात्र घाई नाही.

फळ पोखरणाऱ्या कॉडलिंग पतंगासाठी विकणारे नर गोंधळवणारे फेरोमोनचे (मादीच्या गंधाचे) डिस्पेन्सर सुचवतील. ते मोठ्या सलग क्षेत्रावर चांगले चालतात. शेजारची बाग तशीच सोडलेली असेल तर गाभण माद्या तिकडून येतातच.

आणि गारांची जाळी आत्ता परवडत नसली तरी खांब त्या उंचीचे आणि त्या ताकदीचेच रोवा. नंतर बदलायचे म्हणजे अर्धा सांगाडा उपसावा लागतो.

डोंगरउतार

खांबांचा मुद्दा कोणीच सांगितला नव्हता. उद्याच सांगाड्यावाल्याकडून नवा अंदाज मागवतो. शेवटचं एक: सगळी रोपं एकाच जातीची घेतली तर सवलत देतो म्हणतोय रोपवाटिकावाला. घेऊ का?

पानगळ

नको. सफरचंदाला बहुतेक वेळा दुसऱ्या जातीचा पराग लागतो, आणि तीही त्याच दिवसांत फुलणारी हवी. ट्रिप्लॉइड (गुणसूत्रांचे तीन संच असलेली) जात परागक म्हणून घेऊ नका, तिचा पराग निकामी. सगळा माल एकाच जातीचा हवा असेल तर ओळीतच ठरावीक अंतरावर फुलांसाठीचं क्रॅब ॲपल (छोट्या फळांचं रानटी सफरचंद) लावा, मुख्य झाडांची जागा फारशी जात नाही. रोपवाटिकावाल्याला तीच सवलत क्रॅबसकट मागून बघा.