गुरुपौर्णिमेच्या यादीत फॉरेस्टर नको

शाईदौत
गुरुपौर्णिमेनिमित्त काल एकाने 'शिक्षकांनी पाहायलाच हवेत असे चित्रपट' अशी यादी टाकली. पहिल्या क्रमांकावर 'फाइंडिंग फॉरेस्टर' हा इंग्रजी चित्रपट, आणि खाली लिहिलंय की असा गुरू मिळायला पूर्वपुण्याई लागते. वाचून डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहिते.

त्यात लेखक फॉरेस्टर झालेला शॉन कॉनरी मलाही आवडतो. पण फॉरेस्टर गुरू म्हणून नेमकं काय करतो? एक कादंबरी लिहून पुलित्झर हा अमेरिकेतला मोठा पुरस्कार मिळवला आणि न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या घरात दार लावून बसला. १६ वर्षांचा शाळकरी जमाल त्याच्याकडे लिहायला शिकायला येऊ लागतो, तेव्हा इथलं लिखाण इथेच राहील असं वचन घेतो. पोरावर वाङ्मयचौर्याचा आरोप येतो. फॉरेस्टरने नुसती 'माझी परवानगी होती' अशी चिठ्ठी लिहिली असती तर भागलं असतं. ती लिहीत नाही! पोरगं मात्र शाळेतून काढतील हे दिसत असतानाही म्हाताऱ्याचं नाव घेत नाही. वचन पाळणारा १६ वर्षांचा, घाबरून घरात बसणारा सत्तरीचा. पुण्याई कोणाला लागली?

पाणिनीचा_शेजारी
साफ असहमत. शेवटी तो सायकल काढून शाळेच्या भर सभेत जमालच्या बाजूने उभा राहायला येतो की नाही? ज्याला गर्दीत श्वास घेता येत नाही, मॅडिसन स्क्वेअर गार्डन या क्रीडागृहात सामना बघायला नेलं तर जो कासावीस होतो, त्या माणसाला ते किती जड गेलं असेल!

आणि शिकवणं म्हणजे काय हे त्या वह्यांत आहे. जमालचं दप्तर फॉरेस्टरच्या घरात राहतं. फॉरेस्टर ते खिडकीतून खाली टाकतो, आणि आतली प्रत्येक वही शेरे मारून तपासलेली. सांगितलं कोणी होतं? एका अनोळखी पोराचं पानन् पान वाचणारा माणूस मला आयुष्यात भेटला नाही. आमच्या मास्तरांनी वहीवर 'पाहिले' आणि सहीपलीकडे कधी काही लिहिलं नाही.

खडूफळा
दोघांचंही बाजूला राहू दे. मूळ मुद्दा कोणी बोलतच नाही. जमालने चोरी केली होती.

फॉरेस्टरच्या 'न्यूयॉर्कर' मासिकातल्या जुन्या लेखाचं शीर्षक आणि पहिला परिच्छेद जसाच्या तसा उचलून त्याने शाळेच्या लेखन स्पर्धेत दिला. श्रेय कुठेही नाही. त्याच्या शाळेतल्या प्राध्यापक क्रॉफर्डला खलनायक केलंय, पण त्याने पकडली ती गोष्ट खरी होती. मी २० वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. दरवर्षी प्रकल्पाच्या वह्यांचा गठ्ठा येतो, त्यात अर्ध्या एकमेकींच्या नकला. विचारलं की पालक भांडायला येतात, वरून प्राचार्य म्हणतात जाऊ द्या. असे चित्रपट पाहून मुलं शिकतात की उचलेगिरी चालते, फक्त कोणीतरी मोठा पाठीशी हवा.

शाईदौत
सर, तुम्ही संदर्भच सोडलात. तो परिच्छेद फॉरेस्टरनेच हातात दिला होता. टंकलेखन यंत्रापुढे बसवून सांगितलं, हे टंकायला लाग, आणि तुझे शब्द येऊ लागले की ह्याला सोड. लेखणी वाहती करायची ती रीत आहे. पुढचा सगळा लेख जमालचा.

खडूफळा
घरी करायला रीत चांगलीच. स्पर्धेत देताना वर एक ओळ लिहायला काय झालं होतं?

गटारीअमावास्या
क्रॉफर्डची बाजू घेणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. कारण सांगतो.

आठवीत होतो. वडील हमाल, आम्ही वस्तीत राहायचो. 'पावसाळ्यातील एक दिवस' असा निबंध होता. सगळ्यांनी बेडूक नि इंद्रधनुष्य लिहिलं. मी लिहिलं की पाणी घरात शिरलं की आई पहिल्यांदा पिठाचा डबा उचलते आणि मग आम्हाला. बाईंनी वर्गात वाचून दाखवला आणि विचारलं, कुठून उतरवलास? उतरवला नाही म्हटलं तर शिक्षकांच्या खोलीत नेऊन कोरा कागद पुढे ठेवला. लिही आता आमच्यासमोर. सहा-सात शिक्षक डबे खात बघत होते. माझ्याच्याने एक ओळ झाली नाही. त्यावरून चोर ठरलो.

क्रॉफर्ड अगदी हेच करतो. लेख चांगला आहे म्हणून संशय घेतो आणि म्हणतो, स्पर्धेचं लिखाण माझ्या खोलीत बसून कर. तो परिच्छेद सापडला नंतर. संशय आधीचा होता. ब्राँक्सचा, बास्केटबॉल खेळणारा काळा मुलगा असं लिहील कसं, एवढाच त्याचा पुरावा. खडूफळा सर, तुमच्या त्या गठ्ठ्यात एखादी वही खरीच असेल तर तुम्हाला कळेल का?

खडूफळा
मला न ओळखता मला त्या बाईंच्या रांगेत बसवू नका. मी कोणाची जात, वस्ती बघून वही तपासलेली नाही. तुमच्यावर अन्याय झाला, मान्य. त्याने जमालचा परिच्छेद त्याचा होत नाही.

गटारीअमावास्या
जात मी काढली नव्हती. तुम्ही काढलीत.

पाणिनीचा_शेजारी
अहो, दोघंही थांबा. व्यक्तिगत होतंय.

रिबाउंड
मी राज्य पातळीपर्यंत बास्केटबॉल खेळलो आहे. तुम्ही चोरीवर इतकं भांडताय आणि शाळेने देऊ केलेला सौदा कोणालाच दिसत नाही. अंतिम सामना जिंकून दे, प्रकरण मिटवू! ज्या शाळेला नीतीची एवढी चाड, ती करंडकासाठी चोरी पोटात घालायला तयार. मॅडिसन स्क्वेअर गार्डन, अखेरचे क्षण, जमालला दोन फ्री थ्रो, म्हणजे कोणी अडवत नसताना बास्केटमध्ये टाकायचे बॉल, आणि दोन्ही चुकतात. त्याआधी सरावात हाच मुलगा पन्नासच्या आसपास ओळीने टाकतो. मुद्दाम चुकवले का, हे फॉरेस्टर विचारतो आणि जमाल उत्तर देत नाही. मी सांगतो, मुद्दाम. इतका हात बसलेला खेळाडू सलग दोन असे सोडत नाही.

मला खेळाच्या कोट्यातून प्रवेश देणाऱ्या महाविद्यालयाने गुडघा गेल्यावर वसतिगृहाची खोली महिन्याभरात काढून घेतली. तोपर्यंत हजेरी, गुण सगळं 'बघून घेतलं' जायचं. त्यामुळे ते दोन चुकलेले बॉल मला सिनेमातले सगळ्यात मोठे वाटतात.

शाईदौत
अगदी! आणि बघा, तिथेही पोरगं एकटंच. गुरू घरी टीव्हीसमोर.

धारवाडी_पेढा
एकांतात राहणारा लेखक म्हणजे भित्रा, हे शाईदौतताईंचं गृहीतक पटत नाही. जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहिले, सभा-समारंभ टाळले, 'काजळमाया'ला मिळालेला साहित्य अकादमी पुरस्कार परत केला. पण वर्षानुवर्षं महाविद्यालयात इंग्रजी शिकवलं आणि पत्रं किती भरभरून लिहिली! दार बंद असलं तरी माणूस देऊ शकतो.

शाईदौत
तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत. जी. ए. रोज वर्गात जात होते. फॉरेस्टरच्या एकांताला सिनेमा नुसतं वलय देतो. तो खिडक्या पुसतो, दुर्बिणीतून पक्षी बघतो आणि आपण भारावून जायचं. रॉब ब्राऊन हा जमाल करणारा मुलगा त्याआधी कधी कॅमेऱ्यासमोर उभा राहिला नव्हता, फोनचं बिल भरायला पैसे हवेत म्हणून किरकोळ कामासाठी चाचणीला आला होता. कॉनरीसमोर तो जरासुद्धा दबत नाही. तरी पोस्टरपासून यादीपर्यंत सगळं कौतुक म्हाताऱ्याचं.

पाणिनीचा_शेजारी
चिठ्ठी वेळेवर लिहायला हवी होती, एवढं देतो. त्यापुढे एक पाऊल नाही. वह्या त्यानेच वाचल्या.

खडूफळा
आणि मीही एवढंच देतो की क्रॉफर्डने परिच्छेद सापडण्याआधी मुलाला खोलीत बसवायला नको होतं. सापडल्यावर चौकशी व्हायलाच हवी होती. सभेत टाळ्या पडल्या म्हणून ती गुंडाळली, हे आजही चूकच म्हणेन. गटारीअमावास्या, तो निबंध तुमच्याकडे असेल तर इथे टाका. वाचायचा आहे.

गटारीअमावास्या
वही बाईंनी ठेवून घेतली होती. परत दिली नाही.